कालव्याकाठची वाट दर पावसाळ्यात त्याच जागी का खचते?

मे महिन्यात मुरूम पडतो, रोलर फिरतो, वाट झकास दिसते. जुलै उजाडला की तीच पंधरा-वीस पावलांची जागा पुन्हा चिखलाची. चिखल टाळायला लोक कडेच्या गवतातून जातात, गवत मरतं, चिखल आणखी रुंद होतो, आणि गणपती येईपर्यंत रोज फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांनी त्या टप्प्याकडे पाठ फिरवलेली असते. उन्हाळा आला की कोणीतरी पुन्हा दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम मागवतं. पुढच्या जुलैत तेच.

पुण्यात साडेसतरा नळी, मांजरीच्या बाजूला जुन्या मुठा कालव्याच्या काठावर, आणि शहरात पर्वती ते हडपसरच्या दरम्यान मोठ्या कालव्याच्या काठावर जे जे लोक आपापल्या टप्प्याची निगा राखतात, त्यांच्याकडून ही एकच तक्रार सतत ऐकायला मिळते. 'मुरूमच हलका निघाला' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. हलका मुरूम असेल तर सगळीच वाट खराब व्हायला हवी. वाट दरवर्षी एकाच जागी खचते, याचा अर्थ त्या जागी पाणी येतंय आणि त्याला बाहेर पडायला मार्ग नाही. ते पाणी कुठलं हे ठरवायच्या आधी टाकलेला मुरूम वाया जातो. म्हणून या लेखात मुरूम शेवटी आहे, पाणी आधी.

काठ कसा बांधलाय ते आधी समजून घ्या

खडकवासल्याचं धरण आणि त्यावरचा उजवा कालवा ही मूळची १८७०च्या दशकातली कामं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, आणि पुढे धरण पुन्हा उभं राहिल्यावर जास्त उंचीवरून नवा उजवा कालवा झाला, तो थेट इंदापूरपर्यंत. जुना कालवा हडपसरच्या पुढे खालच्या अंगाला राहिला. त्यालाच आज सगळे बेबी कालवा म्हणतात, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पंपांनी पाणी उपसायच्या विहिरीतून) उचललेलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यातून दौंडच्या बाजूला शेतीसाठी जातं.

दोन्ही कालव्यांची रचना एकच: टेकडीच्या पोटाला धरून, समपातळीची रेघ ओढावी तसा जवळजवळ सपाट. दक्षिणेला चढ, उत्तरेला नदी. चढाच्या बाजूला जमीन खोदून कालवा बसवलाय, आणि नदीच्या बाजूला तीच माती टाकून भराव केलाय. आपण फिरतो ती वाट बहुतेक ठिकाणी या भरावाच्या माथ्यावरून जाते. ती मुळात कालव्याची देखरेख करणाऱ्यांसाठी ठेवलेली सेवावाट आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपली वाट ही भरावाचं छप्पर आहे. तिथे केलेली चूक फक्त बुटाला चिखल लावत नाही, भरावाला धोका पोचवते. दुसरी गोष्ट चिखलाच्या दृष्टीने जास्त कामाची. डोंगरातल्या पायवाटेवर पाणी उतारावरून धावतं आणि वाट खरवडून नेतं, म्हणून तिकडची सगळी युक्ती पाण्याचा वेग मोडण्याची असते. कालव्याकाठच्या वाटेला लांबीच्या दिशेने उतारच नाही. कालवाच हजारो फुटांत एखाद-दुसरा फूट उतरत असेल तर त्याच्या काठावरची वाट किती उतरणार? इथे पाणी धावत नाही, बसून राहतं. त्याला घालवायची एकच दिशा आहे, आडवी. सिंहगड, राजगडाच्या वाटांवर काम केलेली उत्साही मंडळी इथे येऊन तिकडचे उपाय करतात, आणि ते लागू पडत नाहीत, त्याचं कारण हे.

चार प्रकारचं पाणी

त्या जागेवर येणारं पाणी चारपैकी एक असतं: पावसाचं, कालव्यातून झिरपणारं, कालव्याखालून ओढा नेणाऱ्या मोरीचं (ती तुंबली तर), किंवा कुणाच्या तरी फुटलेल्या नळाचं. कधीकधी दोन एकत्र असतात. ओळखायला यंत्र लागत नाही, वही लागते. रोज फिरायला येणाऱ्यांपैकी एकाने तीन गोष्टी लिहायच्या: काल पाऊस झाला का, कालव्याला पाणी आहे का आणि काठापासून किती खाली आहे, आणि ती जागा ओली आहे का. महिना-दीड महिना हे लिहिलं की बहुतेक वेळा उत्तर वहीतच सापडतं.

पाऊस थांबल्यावर चार-पाच कोरड्या दिवसांत जागा सुकत गेली, तर पाणी पावसाचं. पाऊस नाही, पण कालव्याला पाणी सोडल्यावर दोन-तीन दिवसांत जागा ओली झाली आणि आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, बंद झाल्यावर सुकली, तर पाणी कालव्याचं. मोठ्या कालव्यावर हे उन्हाळी आवर्तनात फार स्पष्ट कळतं, कारण तेव्हा पावसाचा गोंधळ नसतो. बेबी कालव्यावर आवर्तनाऐवजी जॅकवेलचे पंप चालू-बंद असण्याकडे बघावं लागतं. मोठा पाऊस झाला की अचानक तळं, आणि तेही चढाच्या बाजूने, तर मोरी बघा. आणि एप्रिलच्या रणरणत्या उन्हात, कालवा कोरडा असताना, एकाच जागी हिरवंगार गवत किंवा चक्क अळू उगवलेलं असेल, तर तो नळ किंवा ड्रेनेज.

नळाच्या पाण्याची खात्री करायची साधी सोय आहे. ग्रामपंचायतीत पाण्यातलं क्लोरिन तपासायला ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब वापरतात, तेच घ्यायचे. साचलेल्या जागेवर ताजं झिरपणारं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकले आणि पिवळसर झालं, तर ते शुद्धीकरण केंद्रातून आलेलं नळाचं पाणी. मात्र रंग आला नाही म्हणून नळ नाहीच असं समजू नका. मातीतून लांब फिरून येताना क्लोरिन उडून जातं.

खड्डा घेऊन बघणं

वहीवरून कालव्याच्या झिरपण्याचा संशय येत नसेल तरच हे करायचं, आणि पाटबंधारेच्या शाखा कार्यालयाला सांगूनच. कालवा आणि त्याचा काठ महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली येतो. आपण कितीही चांगल्या मनाने कुदळ मारली तरी ती परवानगीशिवाय मारायची नाही. शाखा अभियंत्यांना एक पानी अर्ज आणि जागेचा फोटो दिला की बहुतेक वेळा कालवा निरीक्षक स्वतः येऊन बघून जातात, आणि त्यांना त्या जागेचा इतिहास आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. तो विचारून घ्या.

वाटेच्या मधोमध, दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल. त्यापुढे जायचं नाही. भिंती उभ्या आणि स्वच्छ तासायच्या. मग कुदळ बाजूला ठेवून अर्धा तास नुसतं बघत बसायचं.

हडपसरच्या पुढच्या एका टप्प्यावर असा खड्डा घेतला तेव्हा वरची तीन-चार इंच तांबडी मुरमाची पपडी होती. खाली जुना राडारोडा, विटांचे तुकडे, एक पेव्हर ब्लॉकचा कोपरा. त्याखाली काळी माती, इतकी चिकट की कुदळीच्या पात्यावरून हाताने ओढून काढावी लागत होती. चारही भिंती आधी सारख्याच ओलसर दिसत होत्या. मग कालव्याकडची भिंत तशीच राहिली, नदीकडचीही तशीच, आणि मुरूम जिथे काळ्या मातीला टेकतो त्या सांध्यावर उरलेल्या, वाटेच्या पुढच्या-मागच्या दिशेच्या दोन्ही भिंतींना बारीक थेंब धरायला लागले. थेंब फुगले, ओघळले, तळाशी बोटभर पाणी जमलं.

म्हणजे पाणी वरून मुरमात शिरत होतं, काळ्या मातीने ते खाली जाऊ दिलं नाही, आणि ते वाटेच्या पोटातल्या पोटात सर्वांत खोलगट जागेकडे सरकत होतं. वरून बघणाऱ्याला ही जागा खोलगट दिसतच नव्हती. मुरमाने ती झाकली होती. दरवर्षी नवा मुरूम टाकून वरचा भाग सपाट होत होता, खालची काळ्या मातीची बशी मात्र तशीच होती आणि भरत होती.

थेंब कालव्याकडच्या भिंतीला आधी आले असते, तर खड्डा लगेच बुजवून कार्यालयाला कळवायचं होतं. कुठल्या भिंतीला आधी पाझर फुटतो, एवढ्यावर पुढचं सगळं काम ठरतं.

पावसाचं पाणी असेल तर

हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि सगळ्यांत स्वस्तात सुटणारा.

वाटेच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे नदीच्या बाजूला, उकिडवं बसून नजर वाटेच्या पातळीला आणा. बहुतेक ठिकाणी माती आणि गवताची दोन-चार इंच उंच कड तयार झालेली दिसेल. पायांनी, सायकलींनी वाट मध्ये दबली, कडेला गवत वाढलं, गवताने धूळ धरली, आणि वाटेची पन्हळ झाली. पावसाचं पाणी या कडेला अडतं. यात भर पडते गाळाची. उन्हाळ्यात कालव्यातला गाळ पोकलेनने काढतात आणि पुष्कळदा काठावरच टाकून ठेवतात. तो बारीक गाळ वाळला की वाटेवर पसरतो आणि पहिल्या पावसात त्याचं लोणी होतं. तुमच्या टप्प्यावर 'नेमक्या त्याच जागी' चिखल होण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की दरवर्षी पोकलेन त्याच जागी उभा राहतो. गाळ काढायच्या आधी कार्यालयात जाऊन तो उचलून नेण्याची विनंती करणं हे मुरमापेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे.

कड काढून टाका. फावडं आणि घमेलं घेऊन चार माणसं एका सकाळी बराच मोठा टप्पा मोकळा करतात. सगळी कड काढणं शक्य नसेल तर दर चार-पाच मीटरवर फावड्याच्या दुप्पट रुंदीची तोंडं पाडा, पण वाटेच्या पृष्ठभागापेक्षा ती थोडी खोल हवीत, नाहीतर दोन पावसांत पुन्हा बुजतात.

मग आडवा उतार. माथ्याचं पाणी कालव्यात कधीही सोडायचं नाही. आतला उतार धुपतो आणि अस्तराच्या मागे पाणी शिरतं. उतार नेहमी बाहेर, नदीकडे. ४०ला १ पुरतो, म्हणजे दर मीटरला अडीच सेंटिमीटर, दोन मीटर रुंद वाटेला पाच. यापेक्षा जास्त दिलात तर बाबागाडी आणि चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते, आणि गुडघेदुखीवाल्यांना ते पहिल्या दिवशी कळतं. उतार डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब पाणी भरून दोन टोकांना धरा. सपाट जमिनीवर नजर हमखास फसते. कालव्याच्या बाजूला मातीचा छोटा, टणक चोपलेला वरंबा असेल तर तो काढू नका. तो पाणी आत जाण्यापासून आणि अंधारात पाय घसरण्यापासून, दोन्हींपासून राखतो.

बाहेर सोडलेलं पाणी भरावाच्या उतारावरून एकाच जागी पडलं तर तिथे घळ पडते. म्हणून तोंडं पुष्कळ आणि छोटी ठेवायची, आणि प्रत्येक तोंडाखाली हाताला उचलतील असे काळे दगड एकमेकांत अडकवून बसवायचे. उतारावर हरळी लावा, वाळा लावा. वड, पिंपळ, सुबाभूळ यांची रोपं भरावावर लावू नका, कितीही सावलीचा मोह झाला तरी. मुळं भरावात शिरतात, झाड मेलं की कुजतात, आणि मागे पोकळ नळी ठेवून जातात. सावली हवी तर झाडं भरावाच्या पायथ्यापासून दूर लावायची. आधीपासून उभी असलेली झाडं मात्र आपल्या मनाने तोडायची नाहीत. शहरी हद्दीत त्याला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि भरावावरच्या झाडाचं काय करायचं हा निर्णय पाटबंधारेने घ्यायचा असतो.

गाजरगवत मात्र बिनदिक्कत उपटा. भारतात हे तण पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातच, तेव्हा ते निपटायची थोडी जास्त जबाबदारी आपली आहे असं मला मनापासून वाटतं. पाऊस पडून गेल्यावर, फुलं यायच्या आत, मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कारण याची ॲलर्जी एकदा झाली की फार छळते.

कालव्याचं पाणी असेल तर

इथे आपण दुरुस्ती करायची नाही. आपण बघायचं, नोंदवायचं आणि कळवायचं.

बघायचं काय? पाझर कुठे बाहेर पडतो: माथ्यावर, बाहेरच्या उतारावर की पायथ्याला. आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ. स्वच्छ पाणी हळूहळू पाझरत असेल तर तो जुन्या कालव्यांना असतोच असा आजार आहे. त्यावर नजर ठेवायची. पाणी गढूळ असेल, तर ते भरावाची माती सोबत घेऊन निघालंय. आत पोकळी तयार होतेय. पाझर वाढत असेल किंवा पायथ्याला पाणी उकळल्यासारखं वर येऊन भोवती मातीचं छोटं कडं तयार झालं असेल, तर लेखी अर्ज करत बसायचं नाही. ताबडतोब फोन: शाखा कार्यालय, आणि महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष. खालच्या वस्तीतल्या लोकांनाही सांगायचं.

२७ सप्टेंबर २०१८ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि भर दुपारच्या आत घराघरांत पाणी शिरलं, शेकडो संसार चिखलात गेले. तेव्हापासून पुण्यात कालव्याच्या काठावर ओलसर डाग दिसला की तो 'आपल्या वाटेचा प्रश्न' राहत नाही. काठावरून रोज चालणारे पन्नास-शंभर लोक ही कालव्याला मिळालेली फुकटची गस्त आहे, आणि ही वाट जिवंत ठेवण्याचं माझ्या मते सर्वांत भक्कम कारण तेच आहे.

घुशींची आणि खेकड्यांची बिळंही याच नजरेने बघायची. बिळाच्या तोंडाशी ताजी माती असेल तर बीळ वापरात आहे. जागेजवळ रंगवलेली खुंटी ठोका, फोटो काढा, कळवा. बिळात सिमेंट ओतून वरचं तोंड बुजवणारे उत्साही लोक असतात. तोंड बंद होतं, आतली नळी तशीच राहते. तसंच बाहेरच्या उतारावरचा पाझर प्लास्टर करून, प्लास्टिक अंथरून किंवा काळी माती चोपून बंद करू नका. पाणी आत दाबून धरलं जातं, दाब वाढतो आणि ते दुसऱ्या, बहुधा अधिक वाईट जागी फुटतं. जाणकार अभियंते अशा जागी आधी वाळू, मग खडी, मग दगड असा थर देतात, म्हणजे पाणी बाहेर येतं पण माती अडते. ते काम त्यांचं.

मोरी तुंबली असेल तर

दक्षिणेकडून येणारे ओढे-नाले कालव्याच्या खालून मोरीतून किंवा सायफनमधून नदीकडे जातात. त्यांत प्लास्टिक, थर्माकोल, निर्माल्य, गाद्या, बांधकामाचा राडारोडा, सगळं अडकतं. मोरी तुंबली की चढाच्या बाजूला पाणी फुगतं आणि शेवटी वाटेवरून उसळून जातं. खूण सोपी आहे: कुंपणाच्या तारेवर, झुडपांवर वाहून आलेल्या कचऱ्याची आडवी रेघ. ती वाटेच्या पातळीच्या जवळ असेल तर वाटेला हात लावायच्या आधी मोरी.

दोन्ही तोंडं मेच्या मध्यापर्यंत मोकळी हवीत, वळीव येण्याआधी. गणपती-नवरात्रानंतर पुन्हा एकदा बघायची. तोंडाशी हाताने कचरा काढणं ठीक, मोरीच्या आत कोणीही शिरायचं नाही. आत विषारी वायू असू शकतो, आणि वरच्या बाजूला पाऊस पडला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही. आतलं काम महापालिकेच्या जेटिंग मशीनचं आहे. बेबी कालव्यावर काम करताना एवढं लक्षात ठेवा की ते सांडपाणी आहे, प्रक्रिया केलेलं असलं तरी. रबरी हातमोजे, गमबूट, जखमेवर पट्टी, आणि घरी जाण्याआधी साबणाने हातपाय.

नळ किंवा ड्रेनेज फुटलं असेल तर तक्रार करून पाठपुरावा, दुसरं काही नाही. त्या खात्याकडून काम पूर्ण होईपर्यंत वाटेवर पैसे घालू नका.

आता मुरूम

पाण्याची सोय झाली, एक पावसाळा बघितला, जागा सुकली. मग वाट बांधायची, आणि ती मेमध्ये नाही, दसऱ्यानंतर. हे माझं ठाम मत आहे. मेमध्ये जमीन भाजून निघालेली असते, मुरूम कोरडा ठणठणीत येतो, टँकरचं पाणी मारलं तरी वरवर भिजतो, आणि बसायला त्याला दोन-तीन आठवडेसुद्धा मिळत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मातीत मुरलेली ओल असते, पुढे सात महिने कोरडे, आणि तेवढ्या काळात हजारो पावलं त्याला दाबून घट्ट करतात. मेमध्ये फक्त कड काढणं आणि मोरी साफ करणं, बस.

खचलेल्या भागातली काळी माती आणि राडारोडा साधारण एक फूट खोल काढा. तळ सपाट ठेवू नका, त्यालाही बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर पुन्हा ती बशी. बाहेरच्या कडेला तळातून एक छोटी चर काढून ती खडीने भरा, म्हणजे पोटात शिरलेलं पाणी निघून जाईल. ही चर फक्त बाहेरच्या दिशेने, उथळ, आणि शाखा अभियंत्यांना दाखवूनच. तळावर न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड अंथरा. ते पाणी जाऊ देतं, पण काळी माती खडीत वर चढू देत नाही. सिमेंटची पोती अंथरून हे काम होत नाही. त्यावर १५ सेंटिमीटर ४० मिमी खडी, त्यावर मुरूम.

हिशेब असा: १० मीटर लांब, २ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल म्हणजे ६ घनमीटर, दोन ब्रासहून थोडं जास्त. खडी एक ब्रासपेक्षा किंचित अधिक, आणि दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून तो दीड ब्रास धरा.

मुरूम गाडीतून उतरवून घेण्याआधी हातात घ्या. मूठभर भिजवून मळा. चिकट गोळा होऊन बोटांना लागत राहिला तर तो मातीमुरूम, परत पाठवा. नुसतेच खडे वेगळे राहिले तर तो दबूनही उखडत राहील. टणक खडे आणि त्यांना धरून ठेवण्यापुरती बारीक कच, असा हवा. पसरताना ओल एवढी की मूठ आवळल्यावर गोळा टिकावा, पण तळहात ओला दिसू नये. एका वेळी चार-पाच इंचांचा सैल थर, तो धुम्मसने किंवा छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरने चोपून झाल्यावरच पुढचा. मोठा व्हायब्रेटरी रोलर जुन्या कालव्याच्या भरावावर कार्यालयाच्या परवानगीशिवाय आणू नका. जुन्या दगडी अस्तराला त्याचे हादरे सोसत नाहीत.

पेव्हर ब्लॉक का नको, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं, विशेषतः नगरसेवक निधी मिळण्यासारखा असेल तेव्हा. ब्लॉकच्या फटींतून पाणी खाली जातं, वाळूचा थर धुऊन नेतं, ब्लॉक एकेक करून बसतात आणि ठेचा लागतात. चिखलात पाय भरतो, पण ठेचकाळून म्हातारं माणूस पडतं. शिवाय गाळ काढायला पोकलेन याच वाटेवरून येणार, त्याच्या साखळ्यांखाली ब्लॉक टिकत नाहीत. मुरमाची वाट पोकलेन गेल्यावर फावड्याने नीट करता येते. काँक्रीट तर नकोच. त्याखाली घुशीने पोखरलं तरी वरून काही दिसत नाही, आणि भराव उघडा दिसत राहणं हीच इथली खरी सुरक्षा आहे.

सगळं करूनही चिखल होत असेल तर

चाकं बघा. पाऊण फूट रुंदीची, लांबच लांब जाणारी चाकोरी दिसली तर दुचाक्या वाहतूक टाळायला काठावरून जातायत. त्यांना अडवायला वाटेच्या तोंडाशी खांब रोवले, तरी दोन खांबांमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी किमान ९० सेंटिमीटर जागा सोडावीच लागते, आणि तेवढ्यातून दुचाकी आरामात जाते. खांबांनी टेंपो आणि रिक्षा थांबतात, दुचाक्या नाहीत. पाटबंधारेची गाडी आणि पोकलेन यांना जाता यावं म्हणून ते खांबही काढता येण्यासारखे आणि किल्ली शाखा कार्यालयात दिलेली, असेच हवेत. दुचाक्या थांबतात त्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात रोज काही ओळखीची माणसं फाट्यावर उभी राहून, 'दादा, पुढे लहान मुलं खेळतायत, रस्त्याने जा ना' असं गोडीने सांगतात तेव्हा. काही आठवडे नेटाने केलं की फरक दिसतो. सोसायट्यांनी आळीपाळीने हे केलं तर कुणावर भार येत नाही.

आणि तरीही एखादी जागा ओलीच राहिली, तर वहीकडे परत जा आणि कालव्याच्या पातळीचा रकाना नीट वाचा. पावसाचं आणि कालव्याचं पाणी एकत्र असेल तर पहिल्या वर्षी पावसाने दुसरं झाकलेलं असतं. कड मोकळी केल्यावर पुढच्या उन्हाळी आवर्तनात ते एकटं दिसतं. तेव्हा खुंटी ठोकून, तारखा आणि पातळीच्या नोंदींसकट ती वहीच अर्जाला जोडून शाखा कार्यालयात द्या. नुसत्या 'इथे चिखल होतो' या तक्रारीपेक्षा 'पाणी काठापासून दोन फुटांच्या वर आलं की तिसऱ्या दिवशी इथे पाझर सुरू होतो' या एका वाक्यावर अभियंत्याला काम सुरू करता येतं.